नाव माशाचे नव्हे, पाण्याचे!



खारपट्ट्यातल्या गावसभेला गेलो की एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, बांधाला खांड पडली, उधाणाचं पाणी शेतात शिरलं, भात गेलं. आता ही जमीन विकून टाकू का?" आजवर मी योजनांची नावे सांगून वेळ मारून नेली, हे कबूल करतो. आज एका परमुलखातल्या गावाची हकीकत सांगतो. ती वाचा आणि मग काय ते ठरवा.

फिलिपाईन्स देशात राजधानी मनिलाच्या उत्तरेला सुमारे दोनशे किलोमीटरवर, लिंगायेन आखाताच्या काठी दागुपान नावाचे छोटे शहर आहे. २०२० च्या जनगणनेनुसार वस्ती पावणेदोन लाखांच्या आत. जिकडे पाहावे तिकडे नद्या, खाड्या, दलदल. हा मुलूख पांगासिनान प्रांताचा आणि त्या नावाचा अर्थच मुळी 'मिठाची जागा'. म्हणजे जमीन आपल्यासारखीच खारी. तरी या शहराचे नाव देशभर झाले ते एका माशामुळे. त्याचे नाव बांगुस. आपल्या बांगड्याशी त्याचा काही संबंध नाही, बरं का!

हा मासा मुख्यतः शेवाळावर जगतो. तिथला शेतकरी आधी तळे रिकामे करून तळ उन्हात भेगा पडेपर्यंत वाळवतो, म्हणजे आपली नांगरट झाल्यानंतरची जमीन तापवणेच. मग कोंबडखत टाकून फूट-दीड फूट पाणी घेतो. तळावर शेवाळाचा जाड थर धरतो, त्याला तिकडे 'लाबलाब' म्हणतात. त्यानंतर बोटुकली सोडतात. चारा तळ्यातच पिकतो, खर्च कमी लागतो. शहराच्या बोनुआन भागातल्या तळ्यांचा बांगुस चवीला सरस मानतात आणि त्याला भावही चढा मिळतो. जात तीच, पण माती आणि पाणी वेगळे. चव तिथून येते.

माशात दोनशेच्या आसपास बारीक काटे. दागुपानकरांनी त्याचाही धंदा केला. काटे काढलेला मासा जास्त दराने विकतात, आणि काटे काढण्याच्या चक्क शर्यती लावतात. २००२ पासून बांगुसचा उत्सव भरू लागला. एप्रिलच्या अखेरीस भर रस्त्यात शेगड्या मांडून मासे भाजतात. २००३ मध्ये ही शेगड्यांची रांग एक किलोमीटरहून लांब झाली आणि जागतिक विक्रमाच्या पुस्तकात गेली. पाहुणे येतात, समुद्रकाठी तोंदालिगानला फिरतात, जानेवारी १९४५ मध्ये अमेरिकन सेनापती मॅकआर्थर याच आखातात उतरले ती हकीकत ऐकतात आणि जाताना मासा घेऊन जातात.

हे शहर काही सुखात वाढलेले नाही. १६ जुलै १९९० च्या भूकंपात तिथली वाळूची जमीन पाण्यासारखी पातळ झाली. भर बाजारातल्या इमारती खचल्या, कलल्या, आणि काही व्यापारी शेजारच्या गावांत निघून गेले. आजही भरतीचे पाणी रस्त्यावर येते. तरी तळी राहिली, म्हणून नाव राहिले.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल साहेब नुसते गोडवे गातात. पैसा दिसू लागला तशी नद्यांत बांबूची कुंपणे आणि जाळ्यांची गर्दी झाली, प्रवाह तुंबला. याच प्रांतात बोलिनाओ आणि आंदा इथे २००२ मध्ये दाटीवाटीने वाढवलेला मासा एकाएकी मोठ्या प्रमाणावर मेला. १९९८ च्या मत्स्य कायद्याने नदी-तलावाच्या योग्य क्षेत्रापैकी दहा टक्क्यांपेक्षा जास्त जागा अशा कुंपणांना देऊ नये असे ठरवले आहे. दागुपानमध्ये बेकायदा कुंपणे उखडण्याची मोहीम पुन्हा पुन्हा घ्यावी लागली. शिवाय बाहेरगावचा मासा बोनुआनच्या नावाने खपवणारेही निघाले. पाणी बिघडले तर चव जाते, आणि नाव राखले नाही तर भाव जातो.

मला यातून जे वाटते ते स्पष्ट सांगतो. आपला जिताडा हा काही किरकोळ मासा नाही. फिलिपाईन्समध्ये हाच मासा 'आपाहाप' नावाने ओळखतात. आपल्या वाडवडिलांनी भातखाचरांजवळच्या तळ्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या वाढवला. तो आपला वारसाच आहे, फक्त आपण त्याला वारसा म्हणत नाही. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कांद्याला जमते, तर इतरांनी हातपाय का गाळावेत?

पण उत्सवाचा मांडव आधी घालू नका. सरपंच आणि ग्रामसेवकांनी पहिल्यांदा गावातली जुनी तळी कागदावर आणावीत. पावसाळ्यापूर्वी उघाड्या आणि बांध स्वतः चालून पाहावेत, खांड दिसली की ठराव करून संबंधित खात्याकडे पाठपुरावा धरावा. खाडीचा प्रवाह कोणी अडवला तर तो आपला माणूस असला तरी बोलावे. नव्या तळ्यासाठी कांदळवनाला हात लावू नये. तळेवाल्यांनी एकत्र बसून मासा कोणत्या वजनाचा विकायचा आणि कोणत्या नावाने विकायचा ते ठरवावे.

आणि शेतकरी बंधूंनो, जमीन विकण्याआधी घरातल्या म्हाताऱ्याला एकदा विचारा, या शेतात पूर्वी तळे कुठे होते? त्याने बोट दाखवले, की मला निरोप पाठवा. मी येतो.