बाळाची रात्र दहा वाजता सुरू होत नाही

प्रति,
मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका



आमच्या समोरच्या प्लॉटवर रात्री दहानंतर काम बंद असते, हे आधीच सांगून टाकते. मुलुंड पूर्वेतली आमच्या इमारतीच्याच वयाची एक सोसायटी पाडून तिथे टॉवर होतो आहे. बिल्डर कामाच्या वेळा पाळतो. माझे गाऱ्हाणे त्या वेळांबद्दलच आहे.

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे, घरात तान्हे बाळ आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. २०१० च्या दुरुस्तीने रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत बांधकामाची आवाज करणारी यंत्रे चालवायला मनाई झाली. चांगलेच झाले. पण ही रात्र सकाळची लोकल पकडणाऱ्यांची. नवजात बाळ चोवीस तासांतले १४ ते १७ तास झोपते, तेही दोन-तीन तासांच्या तुकड्यांत, आणि पहिले दोनेक महिने त्याला दिवस काय, रात्र काय, सारखेच. आईला झोप मिळायची ती त्याच तुकड्यांत. रात्रभर पाजून, ढेकर काढून पहाटे तिचा डोळा लागतो आणि पोरगी पुरती झोपायच्या आत ब्रेकर धडधडू लागतो. तेल लावून, न्हाऊ घालून, दुपट्यात गुंडाळून निजवलेले बाळ दोन्ही हात फेकून दचकते. मग पुन्हा पहिल्यापासून.

आम्ही हातावर हात ठेवून बसलो नाही. पाळणा हॉलमधून मधल्या पॅसेजमध्ये नेला, कारण मध्ये दोन बंद दारे आली की बराच फरक पडतो. स्लायडिंग खिडक्यांच्या फटींना रबरी पट्ट्या लावल्या. मे महिन्यात खिडक्या बंद ठेवायच्या म्हणजे दिवसभर एसी आलाच. कानात कापूस घालायचा सल्ला शेजारून आला, तो डॉक्टरांनी तिथल्या तिथे मोडीत काढला. जावईबापूंनी मोबाइलवर ‘व्हाइट नॉइज’ लावून पाहिले. २०१४ साली अमेरिकेच्या ‘पेडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात बाळांना झोपवणाऱ्या अशा १४ यंत्रांची तपासणी छापून आली होती, त्यातली तीन पूर्ण आवाजावर ८५ डेसिबलच्या पुढे गेली. तेव्हा लावायचेच तर लांब ठेवून, बारीक आवाजात. पण बारीक आवाजाने ब्रेकर कसा झाकणार?

डेसिबलचा आकडा फसवा असतो. तो दहाने वाढला की आवाजाची ऊर्जा दहापट होते, म्हणजे ५५ च्या जागी ८५ हे हजारपट. शिवाय २००० सालच्या त्याच नियमांनुसार दिवसा मर्यादा १० डेसिबलने ओलांडली गेली तरच नागरिकाला तक्रार करता येते. मोजणारा माणूस येईपर्यंत ब्रेकरवाला चहाला गेलेला असतो. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सने १९९७ मध्येच म्हटले होते की नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात ४५ डेसिबलहून अधिक आवाज नसावा. आपली रात्रीची मर्यादा नेमकी हीच. तिथे मात्र ती चोवीस तासांसाठी आहे.

आवाज हा पोलिसांचा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचा विषय, असे उत्तर येईल याची कल्पना आहे. मग धुळीचे काय केलेत ते आठवा. २५ ऑक्टोबर २०२३ रोजी महापालिकेने बांधकामांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली: पत्र्याचे उंच कुंपण, ओले हिरवे कापड, पाण्याचे फवारे, हवा मोजणारे सेन्सर. २०२४ च्या डिसेंबरअखेर हवा बिघडली तेव्हा बोरिवली पूर्व आणि भायखळ्यातली सगळी बांधकामे थांबवलीत. मनात आणले तर महापालिकेला हे जमते, हे मुंबईने पाहिले आहे. परवानगी तुम्ही देता, विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७)(ब) खाली सोसायट्यांच्या पुनर्विकासाला जादा एफएसआय तुम्ही देता. त्या बदल्यात थोडी शांतता मागायला काय हरकत आहे?

मागणे फार नाही. ब्रेकर, पायलिंग आणि खडक फोडणे दुपारी एक ते चार बंद ठेवावे. त्या वेळेत सळ्या बांधा, शटरिंग लावा, बिनआवाजाची कामे पुष्कळ असतात. शेजाऱ्यांना पुढच्या आठवड्याचे वेळापत्रक गेटवर मराठीत लावून मिळावे. कुठल्या दिवशी मोठा आवाज होणार हे कळले तर लेक बाळाला घेऊन माझ्या बहिणीकडे ठाण्याला जाऊन येईल. जुना स्लॅब ठोकून फोडण्याऐवजी सुपारीसारखा कातरणारे क्रशर मिळतात, वायर सॉ मिळते. महाग पडतात म्हणून सक्तीशिवाय कोणी आणत नाही. धुळीच्या सेन्सरशेजारी आवाजाचे मीटरही बसवा आणि आकडा रस्त्यावरून दिसू द्या. हाँगकाँगमध्ये ठोकून पाया घालण्याला वेगळा परवाना लागतो आणि वस्ती किती जवळ आहे ते पाहून दिवसाला ३, ५ की १२ तास हे ठरते. तिथली दाटी काही आपल्यापेक्षा कमी नाही.

आणखी एक. गॅलरीतून मला त्या प्लॉटच्या कोपऱ्यात साडीची झोळी दिसते. तिच्यातले बाळ आमच्या बाळाहून थोडेच मोठे असेल, आणि त्याला पॅसेज नाही, रबरी पट्टी नाही. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात पन्नासहून जास्त बायका कामावर असतील तिथेच पाळणाघराची सक्ती होती. पुनर्विकासाच्या एका प्लॉटवर इतक्या बायका नसतातच. मीटर बसवाल तेव्हा एक त्या झोळीजवळही धरायला सांगा.

मी पुनर्विकासाच्या विरोधात नाही. आमच्या इमारतीच्या बीमच्या सळ्या बाहेर आल्या आहेत, लिफ्ट नाही, माझे गुडघे रोज आठवण करून देतात. आमच्याही सोसायटीचा प्रस्ताव लवकरच आपल्या इमारत प्रस्ताव विभागाकडे येईल. दुपारच्या तीन तासांची अट आमच्या परवानगीपासून घालायला सुरुवात करा. काम लांबेल, नव्या घरात जायला उशीर होईल. सभासद म्हणून त्याला माझी हरकत नसेल, हे इथे लेखी देते.

आपली,
मुलुंड पूर्वेतली एक आजी