फवारणीचं औषध पोरांच्या सीटखाली नको
मंडळी, पनवेलहून येताना किराणा अन् फवारणीचं औषध एकाच गाडीत, तेही पोरांच्या सीटखाली. माझ्या मते हे बंदच व्हायला हवं. 1971 च्या कीटकनाशक नियमांतही औषध खाण्याच्या वस्तूंना लागेल अशी वाहतूक मना आहे.

सांडलंच तर लगेच पाणी ओतू नका, औषध सीटच्या फोममध्ये आणखी मुरतं. काचा उघडा, हातमोजे घाला, कोरडी माती किंवा भुसा टाकून टिपून घ्या, मग साबणाच्या पाण्याने पुसा. मॅट गाढी नदीवर धुऊ नका. फोममध्ये मुरलं असेल तर फोम बदलाच. गाडीतल्या अत्तराने वास दबतो, विष जात नाही.

त्यापेक्षा डिकीत घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा ठेवा. खर्च थोडा, घोर कमी.