टोमॅटोसाठी शहरात ओटे हवेत

जुलै २०२३मध्ये मुंबई आणि उपनगरांत टोमॅटोने किलोला शंभरी ओलांडली, तेव्हा मीरा-भाईंदरच्या घराघरांतून ओरड झाली. ती रास्तच होती. पण दोनच महिन्यांनी नाशिक जिल्ह्यात तोच टोमॅटो किलोला पाच रुपयांच्या घरात आला आणि शेतकऱ्यांनी उभी पिके सोडून दिली, तेव्हा या शहरात कोणालाच काही जाणवले नाही. ऑगस्ट २०२१मध्ये तर नाशिक, औरंगाबादकडे टोमॅटो रस्त्यावर ओतला गेला होता.

हे पीक थांबू देत नाही. रोपे, मल्चिंग, ठिबक, बांबू, तार, सुतळी, फवारण्या असा सगळा खर्च आधीच झालेला असतो. लागवडीनंतर दोन-अडीच महिन्यांत तोडे सुरू झाले की दर दोन-तीन दिवसांनी मजूर लावावेच लागतात. कांद्यासारखी साठवणुकीची चाळ इथे कामाची नाही. वीस किलोच्या क्रेटला तोडणी, गाडीभाडे आणि हमालीपुरतेही पैसे मिळत नसतील, तर नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात माल नेणारा शेतकरी पदरचे पैसे घालून तो विकत असतो. ग्राहकाने टोमॅटोसाठी मोजलेल्या रुपयातले जेमतेम ३३ पैसे शेतकऱ्याला मिळतात, हे रिझर्व्ह बँकेच्याच २०२४मधील अभ्यासनिबंधात नोंदले आहे.

फळे-भाजीपाला बाजार समितीबाहेर विकण्याची मोकळीक राज्याने २०१६मध्ये दिली. संत सावता माळींच्या नावाने शेतकरी आठवडी बाजारही सुरू केले. मात्र जुन्नरहून माळशेज उतरून येणाऱ्या शेतकरी गटाला उभे राहायला हक्काची जागा नसेल, तर त्या मोकळिकीचा उपयोग काय? २०११च्या जनगणनेतच आठ लाखांवर गेलेल्या या शहरात मंडया, मैदाने, शाळांची पटांगणे महापालिकेच्या हाती आहेत. आठवड्यातला ठरलेला वार, विक्रीसाठी ओटे, पाणी, वजनकाटा, छप्पर आणि नाममात्र भाडे एवढीच मागणी आहे. स्थानिक फेरीवाल्यांनाही त्याच गटांकडून थेट माल घेता यावा. त्यांच्या पोटावर पाय देऊन हा बाजार उभा करू नये.

भरमसाट आवक आठवडी बाजाराने जिरणार नाही, हे खरे. त्यासाठी प्युरी-सॉसचे कारखाने शिवाराजवळच हवेत. टोमॅटो, कांदा, बटाट्यासाठी केंद्राने २०१८च्या अर्थसंकल्पात ५०० कोटींचे ‘ऑपरेशन ग्रीन्स’ जाहीर केले होते. तरी त्यानंतरही माल रस्त्यावर आला. तो जाब राज्याला आणि केंद्राला विचारावाच लागेल. ओट्यांचा निर्णय मात्र महापालिकेच्या अखत्यारीतला आहे. पुढचा हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक प्रभागातली एक जागा तिने जाहीर करावी.