चूल विझली, धूर कुठे गेला?

पाटण-जावळीच्या वाड्यांत दिवाळीला उजेड होतो तो मुंबईकर आल्यावर. भाऊबीज उरकली की गाड्या माघारी फिरतात, आणि कर्ज काढून बांधलेल्या स्लॅबच्या घरांना पुन्हा कुलपं. 2001 ते 2011 या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या जवळपास 16 टक्क्यांनी वाढली; सातारा जिल्ह्याची 7 टक्केही नाही. तरणीताठी पोरं माथाडीत, नाहीतर नवी मुंबईत. सांगलीकडच्या खानापूर-आटपाडीची माणसं सोन्याची गलाई करायला देशभर पांगलेली.

माणसं गेली, चुली विझल्या, तेवढा कार्बन वाचला, असा हिशेब कुणी मांडला तर आम्हाला तो पटायचा नाही. डोंगरातल्या घराचा धूर तो केवढा? काटक्यांची चूल आणि दोन दिवे. तेच बिऱ्हाड कोपरखैरण्याला गेलं की फ्रिज आला, पंखे आले, लोकलचा रोजचा प्रवास आला. शिवाय गावाकडे सिमेंटचं घर हवंच, यात्रेला गाडी हवीच. साताऱ्याच्या खात्यातून वजा झालेला कार्बन ठाण्याच्या खात्यात व्याजासकट जमा होतो.

मागे काय उरतं? जिथं नाचणी-वरी पिकायची त्या वरकस जमिनीवर आता करवंदं, घाणेरी आणि कमरेएवढं गवत. झाडोरा वाढतो, कार्बन शोषतो, हे खरंच. पण फेब्रुवारी-मार्चात वणवा पेटला की सगळं हवेत. पूर्वी नांगरलेल्या पट्ट्यापाशी आग अडायची आणि झोडपायला वाडीभर हात असायचे. आता फांदी घेऊन धावणार कोण? सत्तरीची चार माणसं. (वणवा पुष्कळदा आपलाच कुणीतरी लावतो, नवं गवत चांगलं येतं म्हणून. तेही बोललं पाहिजे.)

सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांचं पाणी पोचलं तिथं द्राक्षं, डाळिंबं, ऊस आला आणि पोरं शेतात थांबली. मात्र कृष्णेचं पाणी उपसून वर चढवायला वीज लागते, आणि राज्याची बरीचशी वीज अजून कोळशाचीच. उलट कोयनेच्या जलविद्युत प्रकल्पाची 1,960 मेगावॅट क्षमता कोळशाविना उभी आहे. तिच्यासाठी गावं मात्र पाण्याखाली गेली, माणसं ठाणे-रायगडापर्यंत उठवली गेली. ज्यांनी स्वच्छ विजेची किंमत मोजली, त्यांचं नाव कार्बनच्या कुठल्याच वहीत नाही.

म्हणून जिल्ह्याचा नव्हे, माणसाचा हिशेब मांडा, असं आमचं म्हणणं. आणि मुंबईकरहो, एक विनंती. यंदा आलात की वाडीभोवती वणवा अडवणारी जाळरेषा काढायला एक दिवस द्या. उन्हाळ्याआधी ते काम व्हायला हवं.