पिकाची नोंद आपल्याच हातीं असावी

राज्य सरकारनें १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सर्वत्र सुरू केली. पूर्वीं सातबाऱ्यावर पीक तलाठी लिहीत असे. बांधावर न जातां केलेल्या नोंदींचा अनुभव वाचकांस असेलच. आतां शेतकऱ्यानें स्वतः शेतांत उभें राहून मोबाईलनें पिकाचें छायाचित्र घ्यावयाचें. ही सुधारणा इष्टच होय.

परंतु अंबरनाथ पूर्वेकडे खाचरांच्या बांधाशीं इमारती आल्या आहेत. घरचे तरुण पहांटेच्या लोकलनें कामास जातात. शेतावर उरतात वडीलधारे, त्यांपैकीं अनेकांस ॲप उघडतां येत नाहीं. नोंद राहिली कीं आधारभूत दरानें भात विकतांना अडचण येते. त्याहून मोठी हानि निराळीच आहे. तालुक्यांत भात किती, हें याच नोंदींवरून मोजावयाचें आहे. कागदावर भात दिसलें नाहीं, तर खरेदी केंद्र येथें कोणत्या आधारावर मागावयाचें? जमीन विकली जाण्यापूर्वींच शेती संपली असें ठरेल.

शेतकऱ्याकडून राहिलेली नोंद सहायकानें करावी अशी तरतूद आहे खरी. पण तीवर विसंबणें म्हणजे पुनः जुन्याच वाटेस लागणें. एका मोबाईलवरून शेजाऱ्याचीही नोंद करतां येते. खरिपाची मुदत बहुधा गणपतीच्या सुमारास असते. त्या सुटींत घरीं आलेल्या मुलांनीं एक दुपार आळींतील वृद्धांच्या खाचरांवर घालवावी.