इंजिनाचे ट्यूनिंग कानाने नको, मोजून हवे

टर्बो पेट्रोल कार किंवा दणकट मोटारसायकल घेतली की काही महिन्यांतच अनेकांना ‘रीमॅप’चे वेध लागतात. गाडीच्या ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकात, नवे आकडे भरले जातात आणि पिकअप वाढतो. इंजिन तेच, पिस्टन तेच, पेट्रोलही त्याच पंपावरचे. मग ही जादा ताकद येते कुठून? कंपनीने राखून ठेवलेल्या सुरक्षिततेच्या फरकातून. भेसळीचे पेट्रोल, मे महिन्याचे ऊन, पाच माणसे आणि सामान भरून चढायचा खंबाटकी घाट, हे सगळे एकाच दिवशी वाट्याला आले तरी इंजिन टिकावे, म्हणून कंपनी थोडी ताकद हातची राखते. रीमॅप करणारा ती खर्चून टाकतो. त्यामुळे एक साधा नियम हवा: जो हा फरक कमी करतो, त्याने त्या जागी मोजमाप बसवलेच पाहिजे. आपल्याकडे बहुतेकदा नेमके तेच होत नाही.

ट्यून केलेले इंजिन मुख्यतः दोन कारणांनी मरते. पहिले कारण म्हणजे जोर लावलेला असताना मिश्रण लीन होणे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडणे. पूर्ण थ्रॉटलवर थोडे जास्त पेट्रोल मुद्दाम दिले जाते, कारण त्याच्या बाष्पीभवनाने सिलिंडरमधील मिश्रण थंड राहते. ते कमी पडले की तापमान चढते. दुसरे कारण म्हणजे नॉकिंग. स्पार्क प्लगने पेटवलेली ज्वाला सिलिंडरमध्ये शिस्तीत पसरत जायला हवी. पण कोपऱ्यात उरलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने ज्वाला पोहोचण्याआधीच एकदम पेटले, तर दाबाच्या लाटा धातूवर आपटतात. पिस्टनला उष्णतेपासून वाचवणारा वायूचा पातळ थर त्या लाटांनी विस्कटतो. पिस्टनच्या माथ्यावर खड्डे पडतात, रिंगांमधला भाग तुटतो, हेड गॅस्केट उडते. लीन मिश्रण नॉकिंगला आमंत्रण देते, म्हणून ही दोन्ही संकटे अनेकदा जोडीनेच येतात.

नॉकिंग टाळण्याचा जुना उपाय किती महाग पडला, हे आरोग्याच्या इतिहासात नोंदलेले आहे. १९२१ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली यांना असे आढळले, की टेट्राइथाइल लेड हे शिशाचे संयुग पेट्रोलमध्ये घातले की नॉकिंग थांबते. पुढची कित्येक दशके जगभरच्या गाड्यांच्या धुरातून शिसे हवेत जात राहिले. त्याचा सर्वाधिक फटका लहान मुलांच्या मेंदूला बसला. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले, तर जगातला शेवटचा देश, अल्जीरिया, २०२१ मध्ये त्यातून बाहेर पडला. शिशाची गरज संपवण्यात चांगल्या इंधनाइतकाच नॉक सेन्सरचाही हातभार आहे. विष मिसळून नॉकिंग दाबण्यापेक्षा ते ओळखून त्यावर इलाज करता येतो, हे या छोट्या उपकरणाने दाखवून दिले.

इंजिनाच्या ब्लॉकवर बोल्टने घट्ट बसवलेला हा सेन्सर पिझोइलेक्ट्रिक असतो, म्हणजे कंपन झाले की वीज निर्माण करतो. नॉकिंगचे कंपन साधारण सहा-सात किलोहर्ट्झच्या आसपास असते. सिलिंडरच्या व्यासाप्रमाणे हा आकडा बदलतो. ईसीयूने ते ओळखले की स्पार्क काही अंश उशिरा दिला जातो आणि धोका टळल्यावर हळूहळू पूर्ववत केला जातो. ‘आम्ही आवाजावरून ओळखतो’ असे म्हणणाऱ्या मेकॅनिकचा अनुभव कमी लेखायचे कारण नाही. पण सहा हजार आरपीएमला, वाऱ्याच्या आणि सायलेन्सरच्या गोंगाटात, ही टकटक माणसाच्या कानाला ऐकू येत नाही.

मिश्रणाच्या मोजणीतही असाच घोटाळा होतो. गाडीत ऑक्सिजन सेन्सर असतोच, मग दुसरा कशाला, असे विचारले जाते. बॉशने बनवलेला आणि १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाडीत आलेला लॅम्बडा सेन्सर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी जन्मला. मिश्रण आदर्श प्रमाणाच्या, म्हणजे लॅम्बडा १ च्या, अलीकडे आहे की पलीकडे, एवढेच तो नेमके सांगतो. किती अलीकडे, किती पलीकडे, हे सांगणे त्याचे काम नाही. पूर्ण जोरावर तर इंजिनाला साधारण ०.८० ते ०.९० लॅम्बडा लागतो. तिथे नॅरोबँड सेन्सर फक्त ‘रिच आहे’ म्हणतो आणि गप्प बसतो. वाइडबँड सेन्सरमध्ये ऑक्सिजन आत-बाहेर ढकलणारा एक पंपही असतो. एका छोट्या पोकळीत आदर्श प्रमाण राखण्यासाठी या पंपाला किती विद्युतप्रवाह लागला, त्यावरून मिश्रणाचा नेमका आकडा कळतो. ताप आहे की नाही हे हात लावून पाहणे आणि थर्मामीटर लावणे, एवढा हा फरक आहे.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे हा फरक आणखी महत्त्वाचा झाला आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९. ई-२० पेट्रोलसाठी हा आकडा १३.५ च्या आसपास येतो. जुन्या पेट्रोलवर केलेला ट्यून पूर्ण थ्रॉटलवर तेवढेच इंधन देत राहिला, तर मिश्रण आपोआप लीन होते. इथेनॉलने ऑक्टेन वाढतो हे खरे. पण त्या भरवशावर मिश्रण न मोजणे म्हणजे एका खिशातले पैसे मोजून दुसरा खिसा फाटका ठेवणे.

मात्र सेन्सर म्हणजे कवच नव्हे. सायलेन्सरचा जोड गळत असेल किंवा मिसफायर होत असेल, तर वाइडबँडला जादा ऑक्सिजन दिसतो आणि तो खोटाच लीन आकडा दाखवतो. चारही सिलिंडरचा धूर एकत्र मोजला, तर एका तुंबलेल्या इंजेक्टरची कहाणी सरासरीत लपते. नॉक सेन्सर नॉकिंग झाल्यावरच जागा होतो. छोट्या टर्बो इंजिनांत कमी आरपीएमला स्पार्कच्या आधीच होणारा भडका त्याला रोखता येत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे स्पार्क मागे जाऊन ताकद कमी होऊ नये, म्हणून नॉक सेन्सरची संवेदनशीलताच घटवणारे ट्यून. धुराची घंटा वाजते म्हणून तिची बॅटरी काढण्याचाच हा प्रकार. ट्यून असा हवा, की मिश्रण ठरलेल्या मर्यादेपलीकडे लीन झाले किंवा नॉकिंग थांबेना, तर ईसीयूने स्वतःच बूस्ट उतरवावा आणि ताकद कमी करावी.

प्रश्न फक्त मालकाच्या खिशाचा नाही. घाटात ओव्हरटेक करताना इंजिन बसले, तर मागून येणाऱ्याचाही जीव धोक्यात येतो. नॉकिंगच्या भीतीने अंदाजे जास्त पेट्रोल ओतले, तर कार्बन मोनॉक्साइड झपाट्याने वाढतो आणि पुरेशा ऑक्सिजनअभावी कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही तो जाळू शकत नाही. अनेक जण तर तो कन्व्हर्टरच काढून टाकतात. पीयूसीची चाचणी गाडी जागेवर उभी ठेवून होते. चढावर जोर लावताना ती काय ओकते, हे त्या कागदावर येत नाही. कंपनीने ठरवलेल्या रचनेत असे फेरफार करण्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे, पण तपासणी क्वचितच तिथवर पोहोचते.

म्हणून जबाबदारी ग्राहकाने आणि गॅरेजने वाटून घ्यायला हवी. स्पर्धेच्या ट्रॅकसाठी असो वा परवानगी घेऊन केलेला बदल असो, पैसे देण्याआधी तीन गोष्टी मागाव्यात: पूर्ण जोरावरची वाइडबँडची नोंद, त्याच वेळची नॉकिंगची नोंद, आणि मर्यादा ओलांडल्यावर इंजिन स्वतःला कसे सावरते याचे प्रात्यक्षिक. ही नोंद पंखा लावलेल्या डायनोवरच नव्हे, तर तापलेल्या दुपारीही घेतलेली असावी. जो ट्यूनर या नोंदी दाखवतो, त्याने जादा पैसे घेतले तरी इंजिन उघडण्याच्या खर्चापुढे ते किरकोळच ठरतील. जो ‘काही होत नाही, शेकडो गाड्या केल्यात’ एवढेच सांगतो, त्याच्याकडे गाडी न देणेच बरे.