आधी हात धुवा, मग स्ट्राँग औषध मागा

मध्यंतरी एक गृहस्थ दवाखान्यात आले. हर्नियाचे ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले होते आणि टाक्यांतून पू येत होता. दोन प्रकारच्या गोळ्या घेऊन झाल्या होत्या. "डॉक्टरसाहेब, आता याहून स्ट्राँग काहीतरी द्या," म्हणाले. मी आधी पू तपासायला पाठवला. रिपोर्टात 'स्टॅफिलोकॉकस' जंतू निघाला. नेहमीच्या बहुतेक औषधांपुढे 'रेझिस्टंट' असा शेरा होता.

हा जंतू परका नाही. साधारण तीन माणसांमागे एकाच्या नाकात तो गुपचूप राहतो आणि जखम मिळाली की आत शिरतो. १९२८ साली डॉ. फ्लेमिंग यांना पेनिसिलिन सापडले, ते याच जंतूच्या बशीत. औषधाची मात्रा अपुरी पडली तर जंतू त्याला सरावतील, हा इशारा त्यांनीच १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या वेळी दिला होता. तसेच झाले. पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या जंतूंसाठी मेथिसिलिन आले. १९६१ साली इंग्लंडमध्ये त्यालाही दाद न देणारा जंतू सापडला. तोच 'एम.आर.एस.ए.' आज जगभरच्या इस्पितळांत ठाण मांडून आहे. मग उरतात व्हॅन्कोमायसिनसारखी औषधे. ती शिरेतून द्यावी लागतात, मूत्रपिंडांवर लक्ष ठेवावे लागते आणि खर्चही वाढतो.

दोष एकट्या जंतूचा नाही. सर्दी-पडसे विषाणूंमुळे होते, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. तरी रोगी मागतो आणि आम्ही लिहून देतो. नाही दिले तर तो दुसऱ्या डॉक्टरकडे जाईल ही भीती. मीही हे केले आहे, ते नाकारत नाही. २०१४ पासून 'एच-१' यादीतल्या औषधांच्या विक्रीची नोंद दुकानदाराने ठेवायची आहे. पण नियम वहीत राहिला तर उपयोग काय?

इस्पितळात हा जंतू मुख्यतः हातांवरून फिरतो. म्हणून डॉक्टर किंवा सिस्टर ड्रेसिंगला आल्या की "हात धुतलेत ना?" असे खुशाल विचारा. आम्हाला राग येता कामा नये. भेटायला जाणाऱ्यांनी खाटेवर बसू नये, पट्टीला हात लावू नये. घरात उरलेली गोळी शेजाऱ्याला देऊ नये.

त्या गृहस्थांची जखम उघडून पू काढला, रिपोर्टाप्रमाणे औषध दिले आणि तीन आठवड्यांत ती भरली. त्यांच्यासाठी एक औषध शिल्लक होते. तुमच्या-आमच्या नातवंडांसाठी ते शिल्लक राहील का, हे आपल्या आजच्या सवयी ठरवतील.